नवतरंग बँजो पार्टीचा बायकी आवाज

कुंभार पिंपळगावात पन्नाशी ओलांडलेला कुठलाही बाप्या धरा आणि त्याच्यापुढे बद्रीनाथच्या बारचं नाव काढा. तो आधी उसासा टाकतो, मग आढ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काय दिवस होते हो ते!" कसले दिवस म्हणून विचारावं, तर नवतरंग बँजो पार्टीचं नाव घेतो आणि लगेच डोळ्यांत पाणी. या लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला फार काही लागत नाही. तेव्हा बाटलीनं यायचं, आता आठवणीनं येतं.

एक म्हणतो, पार्टीत दहा-बारा वाजवणारे होते. दुसरा म्हणतो, जालन्याहून लोक जीपा भरभरून यायचे. तिसरा तर शपथेवर सांगतो की गाणं सुरू झालं की रस्त्यानं चाललेले बैल जागच्या जागी थांबायचे. थांबायचे ना. गाडीवानच उतरून बारमध्ये शिरायचा, मग बैल बिचारे काय करतील?

मी एवढं तोंड वर करून बोलते, कारण मी तिथं होते. बारच्या मागच्या खोलीत चुलीपुढे बसून मी भजी, भुर्जी आणि कोंबडीचा रस्सा करत होते. सगळ्यांनी ती पार्टी पिऊन ऐकली, मी शुद्धीवर ऐकली. म्हणून सांगते, पार्टी भंगार होती.

पार्टीचा म्होरक्या मच्छिंद्र. त्याची क्लॅरिनेट कुठल्याशा लग्नाच्या बँडनं टाकून दिलेली होती. तिची एक कळ सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेली असायची आणि गरमीत रबर सैल झालं की क्लॅरिनेट शेळीसारखी ओरडायची. ढोलकीवाल्याच्या पोटात पहिला पेला गेला की ताल पुढे पळायचा, दुसरा गेला की मागे राहायचा. झांजवाला मच्छिंद्रचा भाचा होता, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल. आणि बँजोवर आमचे मालक. मालकांचं नाव मी घेत नाही. अख्खं गाव घेतं, सांडू, सांडू म्हणून, तेवढं पुरे.

आम्ही मूळची मेंढरंवाली माणसं. सासऱ्यानं मेंढरं विकून चार तुकडे जमीन घेतली, ती थोरल्या दिरानं कसली, आणि धाकट्यानं, म्हणजे आमच्या मालकांनी, जत्रेतून बँजो आणला. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. दिसायला ते राजबिंडे होते, आजही आहेत. अंगावर चमकीचा सदरा घालून उभे राहिले की लोकांना वाटायचं, हा माणूस नक्की काहीतरी मोठं करणार. मलाही लग्नात तसंच वाटलं होतं.

माझं नाव साखराबाई. सासू म्हणायची, नाव ठेवणारीनं तोंड बघितलं, जीभ बघितली नाही.

कौसल्या, आमची एकुलती एक लेक, पहिलीत गेली त्या साली, म्हणजे शहाऐंशीच्या सुमाराला, बद्रीनाथनं घनसावंगीच्या रस्त्याला बार काढला. कारखान्याला ऊस जायला लागला होता आणि लोकांना संध्याकाळी बसायला जागा हवी होती. मालक तिथं बँजो वाजवणार म्हटल्यावर मीही स्वयंपाकाचं काम धरलं. घरात कुणीतरी कमावतं हवं होतं. फक्त बद्रीनाथला एक अट घातली, की माझ्या खोलीत एकही बाप्या पाय ठेवणार नाही. दाराला आतून कडी, आणि ताटल्या द्यायला झडपेची खिडकी. बारमध्ये राबणाऱ्या बाईचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. माझ्या पदरात लेक होती.

पार्टी बसायची तो चौथरा माझ्या खोलीच्या भिंतीला लागून होता. त्या भिंतीलाही एक खिडकी होती, तिच्यावर बारदान टांगलेलं. म्हणजे सगळा गाव पार्टीच्या पुढून ऐकायचा, मी पाठीमागून. पुढून सदरे दिसायचे. पाठीमागून नुसता आवाज.

गाण्यापेक्षा नावं जास्त. तिथली रीतच अशी की, ज्यानं फर्माईश केली त्याचं नाव गाण्याआधी भोंग्यातून पुकारायचं. नुसतं नाव चालायचं नाही. "पिंपळगावचे प्रगतशील बागायतदार, दानशूर, सन्माननीय काकासाहेब यांच्या वतीनं," असं सुरू झालं की माझा एक घाणा तळून व्हायचा. त्यात कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं यावरून रुसवे. एकदा घनसावंगीच्या एका पाव्हण्याचं नाव काकासाहेबांच्या आधी घेतलं गेलं, तर काकासाहेब ताटलीवरून उठले. मग त्यांची समजूत काढायला तेच गाणं त्यांच्या नावानं पुन्हा वाजवावं लागलं. शिवाय भोंग्याचं तोंड कुठं असावं, हेही काकासाहेबांनीच ठरवलं. नाल्यापलीकडे त्यांची वस्ती होती. आपलं नाव एवढ्या मोठ्यानं पुकारलं जातं, हे घरच्या माणसांनाही ऐकू जावं, म्हणून भोंगा वस्तीकडे. हौसेला मोल नाही.

आता मुख्य गोष्ट. मच्छिंद्र गाणी स्वतःच जुळवायचा. त्यातलं एक बायकी होतं. नवरा जीपमध्ये बसून निघून गेला आणि बायको फाट्यावर राहिली, असं:

जीप गेली घनसावंगीला,
राहिले मी फाट्याला,
सांग सख्या रं कुणी लिहिलं
असलं माझ्या वाट्याला.

शब्द यथातथाच होते, पण चाल बरी होती. "फाट्याला" म्हणताना आवाज वर चढवून, तिथं थोडा थांबवून, मग खाली सोडायचा. बारमध्ये गायला बाई कोण येणार? म्हणून मच्छिंद्रनं ते आमच्या मालकांच्या गळ्यात घातलं. मालक बारीक आवाज काढून म्हणायला लागले. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं. लोक हसले. मग शेंगदाणे फेकायला लागले. माझ्या हातचे, मी मीठ-तिखट लावून भाजलेले शेंगदाणे.

मला दोन्हींचा राग आला, त्यांच्या गाण्याचा आणि शेंगदाण्यांचा. मी बारदान बाजूला केलं आणि दात-ओठ खात म्हटलं, "असं न्हाई हो, असं." आणि ती ओळ म्हणून दाखवली. वरच्या वळणासकट.

मच्छिंद्रच्या क्लॅरिनेटचा माइक खिडकीला टेकून उभा होता. ओळ भोंग्यातून गेली.

 बारमध्ये जो गोंधळ उठला तो मी जन्मात विसरणार नाही. टाळ्या, शिट्ट्या, टेबलं बडवणं. "सांडू! वा रे सांडू!" मालक तोंड उघडं ठेवून उभे होते, आणि तोंड उघडंच असल्यामुळे सगळ्यांना वाटलं, यांनीच म्हटलं. मच्छिंद्र मात्र हुशार माणूस. त्यानं मागे न बघता पायानं माइक आणखी खिडकीजवळ सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, बाकीचंबी म्हणा. तुम्हाला कौसल्याची आण."

मी म्हटलं. भज्यांचा घाणा जळून गेला.

त्या दिवसापासून अकरा-बारा वर्षं नवतरंग बँजो पार्टीचा बायकी आवाज मी होते, आणि ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती, मच्छिंद्रला, मालकांना आणि मला. ढोलकीवाला पेल्यात बुडालेला असायचा आणि भाच्याला स्वतःच्या झांजेपलीकडे काही ऐकू यायचं नाही. मच्छिंद्रनं एक माइक बारदानाआड, माझा झारा टांगायच्या खिळ्याला अडकवला. मालक पुढे उभं राहून ओठ हलवायचे. आणि गाताना मला तळता येत नसल्यामुळे मच्छिंद्र आधी पुकारायचा, "सांडूभाऊंचं गाणं चालू असताना भजी मिळणार न्हाईत, रसिकांनी कलेचा मान राखावा." रसिकांनी मान राखला. बद्रीनाथलाही वाटायचं, आपला बार म्हणजे काही साधासुधा बार नाही.

आणि आमच्या मालकांचं काय? आयत्या बिळावर नागोबा. पहिले काही दिवस त्यांना लाज वाटली, हे मी खोटं सांगणार नाही. मग लोक मधाच्या बाटल्या आणून द्यायला लागले. कुणी ज्येष्ठमध आणलं, कुणी गावठी तूप. मालकांनी आंबट सोडलं. चिंचेचं सार केलं की म्हणायचे, "मला नगं, गळा धरतो." गळा माझा, आणि चिंच यांना बंद! भर उन्हाळ्यात मफलर बांधून चौथऱ्यावर उभे राहायचे. कुणी विचारलं, "सांडूभाऊ, बोलतानी तर तुमचा आवाज बाप्याचा, मंग गातानी कसं काय?" तर हे सांगायचे, "त्यो आवाज देवीचा हाय. संध्याकाळी येतो." देवी तेव्हा घरी भांडी घासत असायची.

मी गप्प का राहिले? सोपं आहे. बारमध्ये रांधणारी बाई कशीबशी खपते. बारमध्ये गाणारी बाई खपत नाही. "तिची माय बारमधी गाती" एवढं एक वाक्य फिरलं असतं तर कौसल्याला जिल्ह्यात स्थळ मिळालं नसतं. म्हणून मी आवाज दिला आणि नाव गिळलं. पण मन मेलेलं नव्हतं माझं. प्रत्येक गाण्याआधी ज्याला सा कळत नाही त्याचं नाव भोंग्यातून जायचं, दानशूर आणि सन्माननीय, आणि जी गायची तिचं कधीच नाही. एकदा तरी उजेडात, चार माणसांपुढं, माझ्या नावानं ते गाणं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. हे मी कुणाजवळ बोलले नाही, पण ते सारखं सलत राहिलं.

मग बद्रीनाथनं बारमध्ये रंगीत टीव्ही आणला आणि रसिकांनी एका आठवड्यात नवतरंग पार्टीकडे पाठ फिरवली. डोळे भरून येणारे हेच लोक. एक जण तर मच्छिंद्रला म्हणाला, "जरा हळू वाजवा, मॅच चालू हाय." पार्टी मोडली. पुढच्या वर्षी कौसल्याचं लग्न झालं, दूर धावड्याला दिली. काही वर्षांनी मच्छिंद्र वारला. त्याच्या मयतीला रसिकांतले किती जण आले, ते न विचारलेलं बरं.

आणि दोन हजार सहा साली बद्रीनाथला एकाएकी त्या सगळ्यांची आठवण आली, कारण त्यानं जुन्या बारच्या जागी फॅमिली गार्डन काढलं. उद्घाटनाला 'आठवणीतली नवतरंग' असा कार्यक्रम ठेवला. दुपारी जेवण, त्याआधी सत्कार. फलकावर बद्रीनाथचा फोटो दाराएवढा, आमच्या मालकांचा ताटाएवढा आणि मच्छिंद्रचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

त्या दिवशी सकाळी मालक आरशापुढे उभे राहून मफलर बांधत होते. मी म्हटलं, "आज सांगायचं."

"काय सांगायचं?"

"कोण गात होतं ते. कौसल्याचं लगीन होऊन तिला दोन लेकरं झाली. मी पण किती दिवस जगणार हाय? आज तुम्ही सांगा, न्हाईतर मी माइक घेऊन सांगते."

ते खाटेवर बसले. "कौसल्याची माय, सारा गाव हासंल मला. मी सांडू म्हणून जगलो न्हाई, त्यो आवाज म्हणून जगलो. आता या वयात माझं तोंड काळं करून राह्यली का तू?"

"अन् मी काय म्हणून जगले?"

 त्यांनी मफलर सोडून ठेवला. मला वाटलं, उकाडा होत असेल.

मांडवात पुरुष पुढे, बायका मागे. बायका अशा कार्यक्रमाला पहिल्यांदाच आल्या होत्या, कारण आता ते फॅमिली गार्डन होतं. एकेक जण उठून आठवणी सांगायला लागला. ऐकून माझ्या कानांतले किडे झडले. एक म्हणाला, मच्छिंद्रच्या क्लॅरिनेटमधून मोर बोलायचा. शेळी बोलायची, मोर नव्हे. बद्रीनाथ म्हणाला, "आमच्या बारमधी कलेची अशी कदर होती, की गाणं चालू झालं का भज्याचा घाणासुद्धा बंद!" टाळ्या. काकासाहेब उठले, काठी टेकत माइकपर्यंत गेले आणि म्हणाले, "मी औरंगाबादला, मुंबईला मोठमोठे गवई ऐकले. पण सांडूच्या गळ्यासारखा गळा बिलकुल न्हाई. त्येच्या गाण्यानं मी रडलेलो हाय." रडायचे, खरं आहे. मग तोंड धुवायला म्हणून माझ्या मागच्या दाराशी यायचे आणि माझ्या भांड्यांच्या पाण्यात ओकायचे.

मग सत्कार. आम्हा दोघांना जोडीनं वर बोलावलं. मालकांना फेटा, शाल, नारळ. मला साडी-चोळी. सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "प्रत्येक कलावंतामागे एक स्त्री असते. या माउलीनं बारमध्ये चूल फुंकली आणि आपल्या पतीची कला जगवली." मी साडी हातात धरून उभी होते. 

"आता सांडूभाऊंनी एकच ओळ म्हणावी," काकासाहेब खालून म्हणाले. लगेच सगळे ओरडायला लागले. "जीप गेली! जीप गेली!"

मालकांच्या हातात माइक दिला गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही.  मला वाटलं, हा माणूस आता खोकणार, वय झालं म्हणणार आणि सुटणार. संसारात मी त्यांना अशा कितीतरी वेळा सुटताना पाहिलं होतं.

ते म्हणाले, "मंडळी, एक खरं सांगतो. मी कवाच गायलो न्हाई. त्यो आवाज हिचा होता. साखराबाईचा. ती आतून गायची अन् मी नुसता तोंड हलवायचो. जे काय होतं ते साखराबाईचं होतं."

लग्नातल्या उखाण्यानंतर यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही भोंग्यातून.  खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला त्यांचा अभिमान वाटला. हा आळशी, दिखाऊ, मफलरवाला माणूस सगळ्या गावापुढे आपली अब्रू काढून ठेवत होता.

 मग काकासाहेब उठले, आणि त्यांच्या डोळ्यांत, अर्थातच, पाणी. "ऐकलं का? एवढा मोठा कलावंत, अन् केवढं मोठं मन! सारं श्रेय बायकोला देऊन राह्यला! अरे, याला म्हणतात नवरा!"

असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! आधी आवाजासाठी झाला त्याच्या दुप्पट. गुरुजींनी तर लगेच बायकांच्या बाजूला बघून कलावंताच्या विनम्रतेवर दोन वाक्यं झाडली. मालक ओरडून सांगायला लागले, "अहो, खरंच तिचा होता! बराबर ऐका माझं! माझी आण!" जितकं सांगतील तितक्या टाळ्या. एक जण तर येऊन त्यांच्या पाया पडला. मच्छिंद्र असता तर त्यानं साक्ष दिली असती, पण तो पोस्टाच्या तिकिटात बसलेला.

"वहिनी," बद्रीनाथ मला म्हणाला, लहान पोराला बोलतात तसं, "भाऊ एवढं म्हणून राह्यलेत तर तुम्हीबी म्हणा दोन ओळी. लाजू नका."

मी माइक घेतला. लाजते कसली? याच घटकेसाठी मी आयुष्य काढलं होतं. उजेड होता, माणसं होती, माझं नाव पुकारलं गेलं होतं. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. जीप गेली घनसावंगीला. आवाज निघाला, जडपणे, पण निघाला. डोळे उघडले तर तिकडं वाढपी पत्रावळ्या मांडायला लागले होते. पुढच्या रांगेतले दोघे पंगतीत जागा धरायला उठले. मी वर चढले, फाट्याला, थांबले, सोडलं. पूर्ण गाणं म्हटलं. एकही कडवं सोडलं नाही.

टाळ्या पडल्या. बक्षीस समारंभात पोरानं कविता म्हटल्यावर पडतात तशा.

काकासाहेब मालकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं म्हणतात वहिनी. बरं म्हणतात. तुझ्याजवळ राहून राहून शिकल्या. पण सांडू, तुझी सर न्हाई रे." आणि शेजारचा म्हणाला, "बाईमाणसाला त्यो बायकी आवाज काढता येतच न्हाई, काकासाहेब. त्येला बाप्याच लागतो."

हे ऐकून मी काय करावं? गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. इथं गाढवांनी गूळ बारा वर्षं चाखला होता आणि वर सांगत होते, हा गूळ नव्हे. मालकांचा चेहरा पडला होता. त्यांनी फेटा काढून हातात घेतला होता आणि माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. ते खरं बोलले होते, त्यांची चूक नव्हती. चूक कुणाचीच नव्हती, म्हणूनच जास्त संताप आला. साडी-चोळी खुर्चीवर टाकून मी खाली उतरले आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसले. भूक नव्हती. कुठंतरी बसायचं म्हणून बसले.

शेजारी काकासाहेबांच्या उषाबाई होत्या. खानदानी बाई, मोजकं बोलणारी. मी त्यांच्या वस्तीवर कधी गेले नव्हते, त्या माझ्या दारी कधी आल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या पत्रावळीवर भात वाढून घेतला, वरण ओतून घेतलं आणि म्हणाल्या, "साखराबाई, एक बोलू का? राग यील तुम्हाला."

"बोला. आज साऱ्यांनीच बोलून घेतलं."

"वरचं वळण आज चढलं न्हाई तुम्हाला. ओढून नेलं तुम्ही. पैले कसं आपोआप जायचं. आवाज बसला तुमचा."

 "पैले म्हंजे?"

"पैले म्हंजे बारमधी. दुसरं कवा?" उषाबाईंनी भात कालवला. "यांचं नाव पुकारलं का मी उठून आत जायची अन् तुमचं गाणं आलं का परत वसरीत येऊन बसायची. सासूबाईबी यायच्या. मिरचीची फोडणी टाकून गायला बसायच्या तुम्ही, अन् मधीच ठसका लागायचा. बँजोवाल्याला कशाचा ठसका लागंल हो? आम्ही सासू-सुना पोट धरून हसायचो."

"मंग तुम्हाला सारं ठाऊक होतं?"

"वस्तीवरच्या साऱ्या बायकांना ठाऊक होतं." समोरच्या पंगतीतली केशरबाई मान डोलवत होती. तिच्या पलीकडची तुळजाबाई म्हणाली, "त्या पोळ्याला तर तुम्ही दोनदा म्हणल्ता. दुसऱ्यांदा फार चांगलं झाल्तं."

"कधी बोलल्या न्हाई कुणी," मी म्हटलं. 

उषाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ठार वेडी आहे. "कौसल्याचं लगीन व्हायचं होतं ना."

मला रडू फुटलं. भर पंगतीत, भातावर मान घालून मी रडले. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी दारुड्यांपुढे गाते आणि कुणीही ऐकत नाही. आणि नाल्यापलीकडे वसरी-वसरीत बायका बसल्या होत्या, शुद्धीवर, माझं प्रत्येक वळण कानांत धरून, आणि माझ्या लेकीसाठी तोंडाला कुलूप लावून.

पण उषाबाई भात खात पुन्हा म्हणाल्या, "तरीपण आज फाट्याला चुकलंच."

मी पदरानं तोंड पुसलं. "चुकलं न्हाई. मी मुद्दाम थांबले तिथं."

"पैले थांबत नव्हत्या."

"थांबत होते. तुम्हाला नाल्याच्या पलीकून काय ऐकू येणार?"

"मला? मला तुमच्या कढईतला झारासुद्धा ऐकू यायचा. म्हणून दाखवा बरं, कसं म्हणत होत्या?"

मी म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. केशरबाई म्हणाली, दोघींचंही चुकतंय. वाढप्यानं जिलबी आणली, तर कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.